अकरा-दहाचा मुहूर्त

तीन नंबरच्या रिअॅक्टरची तापमानाची रेघ खाली उतरत होती. नेमक्या त्याच गोष्टीने चंद्रकांता साउद जागच्या जागी थबकली.

चढत्या रेघेला कुणीही घाबरतो. त्यासाठी शिक्षण लागत नाही. उतरत्या रेघेला घाबरायला शिकण्यात तिची बावीस वर्षे गेली होती. रिअॅक्टरमध्ये तेलकट द्रव होता आणि वरच्या मजल्यावरून त्यात आम्लाची बारीक धार पडत होती. आतला स्टरर दोन्ही द्रव घुसळत असे. आम्ल मिसळले की उष्णता निघे आणि भोवतीच्या जॅकेटमधून फिरणारे खारे थंडगार पाणी, ज्याला कारखान्यात सगळे ब्राइन म्हणत, ती उष्णता वाहून नेई. या ओढाताणीमुळे रेघ दहा अंशांच्या आसपास करवतीच्या दातांसारखी खालीवर होत राहायची. आज मात्र दहा वाजून सतरा मिनिटांनी ते दात नाहीसे झाले होते. रेघ गुळगुळीत होऊन हळूहळू साडेचारवर आली होती. आता दहा बावन्न झाले होते.

आम्ल पडते आहे आणि उष्णता निघत नाही, याचा अर्थ आम्ल मिसळत नाही. परंतु कंट्रोल रूमच्या पॅनेलवर स्टररचा हिरवा दिवा लख्ख पेटलेला होता.

दिवा म्हणत होता चालू आहे. रेघ म्हणत होती बंद आहे. दोघांपैकी एक खोटे बोलत होता.

तिने वरच्या मजल्याचा फोन उचलला. आम्लाच्या टाकीपाशी जिवल्या होता. डोंगराकडच्या पाड्यावरून येणारा हा ऑपरेटर मोजकेच बोले आणि नेमके बोले.

"जिवल्या, धार चालू आहे?"

"चालूच हाय, मॅडम. तुमी सांगितली तीच. मिन्टाला सहा लिटर."

"बंद कर."

"मधीच? बॅच बिघडंल ना."

"बिघडू दे. व्हॉल्व बंद कर आणि बंद झाला म्हणून मला सांग."

पलीकडे लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. "झाला बंद."

"स्टरर फिरतोय का खाली?"

"मना हितून नाय दिसत. खाली पूजा हाय ना. मानसंच मानसं हायेत."

"मागच्या जिन्याने उतर आणि फाटकाबाहेर जा. प्रसादासाठी थांबू नकोस."

तिने शेजारी बसलेल्या मोनालीकडे पाहिले. शिरगावहून रोज येणारी ही तरुण केमिस्ट आज नवी साडी नेसून, वर पांढरा कोट चढवून बसली होती. "ब्राइन पूर्ण उघड. दर मिनिटाला तापमान मोठ्याने वाच. वॉकीटॉकी चालू ठेव. मी खाली जाते आहे."

"मॅडम, काय झालंय?"

"ते बघायलाच जाते आहे," असे म्हणून चंद्रकांताने कपाटातून आपले लाल कुलूप घेतले. देखभालीच्या वेळी यंत्राच्या स्विचला लावायचे ते कुलूप होते. प्रत्येक अधिकाऱ्याला एक, आणि किल्लीही एकच.

*

खंडेनवमी म्हणजे या औद्योगिक वसाहतीतला सर्वांत मोठा सण. एरवी कारखान्यातली सगळी यंत्रे त्या दिवशी थांबत, धुतली जात, त्यांना कुंकू आणि झेंडूचे हार लागत. मग शेठ नारळ फोडून आपल्या हाताने यंत्र सुरू करत. यंदा एका ऑर्डरची घाई होती, म्हणून तीन नंबरची बॅच तेवढी चालू ठेवायची असे ठरले होते. ठरवणाऱ्यांत चंद्रकांताही होती.

मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा होता. पूजेनंतर प्रफुल्लशेठ तिचे नाव कारखान्याच्या मॅनेजरपदासाठी जाहीर करणार होते. पत्र तयार होते. आदल्या दिवशी शेठनी ते तिला दुरून दाखवलेही होते. नेपाळमधल्या अछामहून आठव्या वर्षी बोईसरला आलेली, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची मुलगी. तिच्या वडिलांचे नाव मानसिंग, पण फाटकावर सगळे त्यांना बहादूर म्हणत, म्हणून ती झाली बहादूरची पोर. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकली, पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्र. सुट्टीत याच कारखान्याच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायची. अर्ज भरताना राष्ट्रीयत्वाचा रकाना आला की कारकून मान वर करून तिच्याकडे पाहत, आणि मुलाखतीला गेली की लोक समजत, ही चहा घेऊन आली. हेल्पर, केमिस्ट, शिफ्टची प्रमुख, प्रक्रिया सुरक्षेची प्रमुख: प्रत्येक पायरीवर इतरांपेक्षा तीन-चार वर्षे जास्त उभी राहून ती इथवर आली होती.

रिअॅक्टरच्या मजल्यावर साठेक माणसे दाटीवाटीने उभी होती. उदबत्तीच्या वासाखाली आम्लाचा नेहमीचा उग्र वास होता. तीन नंबरचा रिअॅक्टर मखरातल्या देवासारखा सजला होता आणि वर, मोटरीखालच्या स्टररच्या दांड्यावर, झेंडूचा जाड हार होता. कुंकवाची पाच बोटे स्वच्छ, न फराटलेली.

फिरत्या दांड्यावर कुंकवाची बोटे अशी उमटत नाहीत.

"बन्सीकाका!"

फोरमन बन्सी तबक घेऊन पुढे आला. मूळचा परभणीकडचा, तीस वर्षे याच मजल्यावर. चारचौघांत तो तिला म्याडम म्हणे आणि एकटी असली की चंद्रा.

"या म्याडम. शेठची गाडी नवापूर नाक्यावर टँकरमागं अडकली व्हती. आता फाटकात आली बघा."

"स्टरर कुणी बंद केला?"

"म्याच की. मोटरीजवळच्या हँडलनं." त्याने भिंतीवरच्या पेटीकडे बोट दाखवले. "फिरत्या यंत्राला कुंकू लावीत न्हाईत. हात बी जातो आन् देव बी कोपतो. पाचच मिन्टाचं काम, पर शेठला उशीर झाला. धार आपोआप बंद झाली आसंल की. स्टरर थांबला की धार थांबती, तुमीच शिकवलंय."

धार आपोआप थांबायची ती पॅनेलवरून मोटर बंद झाली तर. भिंतीवरच्या हँडलने मोटरीची वीज तुटे, पण पॅनेलला त्याची खबरच नसे. म्हणून दिवा हिरवा होता आणि म्हणून धार पस्तीस मिनिटे चालू राहिली होती. मिनिटाला सहा. दोनशे दहा लिटर आम्ल रिअॅक्टरच्या तळाशी निमूटपणे जाऊन बसले होते, आणि वर तेवढाच निमूट तेलकट द्रव.

हँडल फिरवले की स्टरर सुरू होणार आणि ते दोनशे दहा लिटर एका दमात मिसळणार.

ती गर्दीतून वाट काढत भिंतीपाशी गेली, हँडलच्या भोकातून कुलूप घातले आणि दाबले. खटका वाजला.

"आवं, हे काय? शेठनी हात लावायचा हाय त्याला!" बन्सीचा आवाज चिरकला.

ती त्याच्या कानाशी वाकली. "काका, धार थांबली नव्हती. तो फ्लास्क आठवतो?"

बन्सीला आठवला. बावीस वर्षांपूर्वी लॅबमध्ये वीज गेली होती, चंद्रकांताच्या लिटरभराच्या फ्लास्कमधला स्टरर थांबला होता आणि वरून आम्लाचे थेंब पडतच राहिले होते. वीज आली, स्टरर आपोआप फिरला आणि पुढच्या चार सेकंदांत फ्लास्क छतापर्यंत गेला. भाजलेला हात नळाखाली अर्धा तास धरून ठेवणारा माणूस बन्सीच होता. तिच्या डाव्या मनगटावरचा चट्टा त्याने आता पाहिला आणि मग रिअॅक्टरकडे पाहिले. तीन हजार लिटरचा रिअॅक्टर.

"देवा," तो म्हणाला. "आन् मी हितं साठ मानसं गोळा केली."

*

प्रफुल्लशेठ जिना चढून आले ते हात जोडतच. पांढरा झब्बा, कपाळावर घाम. "माफ करा, माफ करा. ट्रॅफिक! चला, पाच मिनिटं आहेत. नारळ कुठाय?"

"शेठ, पूजा थांबवावी लागेल," चंद्रकांता म्हणाली. "सगळ्यांना बाहेर काढायचं आहे. आत्ता."

शेठनी आधी तिच्याकडे, मग कुलपाकडे पाहिले. "हे कुणी लावलं?"

"मी."

"चंद्रकांताबेन, आज खंडेनवमी आहे."

तिने चार वाक्यांत सारे सांगितले. शेठ व्यापारी होते, रसायनज्ञ नव्हते, पण पंचवीस वर्षे त्यांनीही आकडे वाचले होते. त्यांनी तिच्या हातातली वॉकीटॉकी घेतली. "मोनाली, तीन नंबरचं तापमान?"

"चार पॉइंट एक, सर."

"चार!" शेठनी गर्दीकडे पाहत हात पसरले. "फ्रीजमध्ये दूध ठेवतो आपण, एवढं थंड आहे. आणि या म्हणतात, उडणार."

कुणीतरी हसले. मागून आवाज आला, "यांच्याकडं पूजा-बिजा नसल."

"आहे," चंद्रकांता मागे न वळता म्हणाली. "माझ्या वडिलांची खुकरी सकाळपासून पूजेतच आहे. आमच्या गावी आज हत्याराला कोंबड्याचं रक्त लावतात. इथे माणसाचं लागू नये एवढंच बघते आहे."

शेठ एक पाऊल जवळ आले आणि आवाज खाली आणून बोलू लागले.

"बेन, किल्ली द्या. मुहूर्त टळला तर ही माणसं वर्षभर प्रत्येक ठेच त्याच्यावर ढकलतील. तुमच्यावर ढकलतील. तुमचं पत्र माझ्या खिशात आहे. आज यांच्यासमोर तुम्ही पूजा मोडली, तर उद्या हे तुम्हाला मॅनेजर मानतील?"

"नाही मानणार कदाचित."

"मग?"

"शेठ, कढईत तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला तर तडतडतो. धारेनं पडलं तर भडका. इथे मी पस्तीस मिनिटं पाणी तेलाखाली साठवून ठेवलं आहे आणि तुम्ही झारा हातात घेऊन उभे आहात. किल्ली मी देणार नाही."

मुहूर्ताला तीन मिनिटे उरली होती. शेठनी हात पुढे केला तो केलाच. साठ माणसे त्या हाताकडे पाहत होती. चुकत असेन तर बावीस वर्षे पाण्यात, आणि चुकत नसेन तर हे कुणालाच कधी कळणार नाही, असे काहीतरी चंद्रकांताच्या मनात येऊन गेले.

तेव्हा बन्सीने तबक जमिनीवर ठेवले आणि गर्दीसमोर जाऊन उभा राहिला.

"ऐका रे! स्टरर म्या बंद केला व्हता. चूक माजी हाय. ही पोर सांगती ते खरं हाय, म्या माज्या डोळ्यांनी बघितलंय. चपला घालीत बसू नका. चला! समदे फाटकाभाईर!"

"बन्सी, तू—"

"शेठ, तुमी बी. नारळ भाईर फोडू."

माणसे हलली. आधी कडेची, मग मधली, मग एकदम लोंढा. शेठ क्षणभर एकटेच हात पुढे करून उभे राहिले. नंतर हात खाली घेऊन तेही वळले.

*

अशा प्रसंगी करायचे काय ते लिहून ठेवलेले होते. रिअॅक्टरच्या खालच्या मजल्यावर एक मोठी टाकी कायम पाण्याने भरलेली असे. रिअॅक्टरचा तळाचा व्हॉल्व उघडायचा आणि जड आम्ल त्या पाण्यात सोडून द्यायचे. व्हॉल्वला लांब दांडा जोडून तो जाड भिंतीपलीकडे नेलेला होता. चंद्रकांता धावत खाली पोचली आणि तिने टाकीत डोकावले.

टाकी कोरडी होती. दसऱ्यासाठी कुणीतरी ती रिकामी करून, घासून, आतून ताजा निळा रंग दिला होता.

तिने डोळे मिटले आणि उघडले. कोरड्या टाकीत हे आम्ल सोडता येणार नव्हते. "काका! आगीच्या पाण्याचे दोन्ही पाइप इकडे. किती वेळ लागेल भरायला?"

"अर्धा तास तरी," बन्सी धापा टाकत म्हणाला.

"तुम्ही पाइप लावा आणि बाहेर जा."

"पाइप धरायला मानूस लागतं. न्हाईतर तो नागावानी उडतो. म्या धरतो." दुसरा पाइप धरायला जिन्यावरून जिवल्या आला.

"तुला बाहेर जा सांगितलं होतं ना?"

"गेलतो, मॅडम. मंग परत आलो," जिवल्या म्हणाला आणि पाइप काखेत दाबून उभा राहिला. वाद घालायला वेळ नव्हता. तिने वॉकीटॉकीवर मोनालीला शेजारच्या दोन्ही कारखान्यांना आणि अग्निशमन केंद्राला फोन करायला सांगितले.

पाणी तळावर आदळू लागले. अकरा वीस.

"चार पॉइंट तीन," मोनालीचा आवाज आला. आणखी काही वेळाने, "चार पॉइंट नऊ."

दोन थरांच्या सीमेवर, जिथे आम्ल आणि तेलकट द्रव एकमेकांना नुसते टेकले होते, तिथे काम सुरू झाले होते. ब्राइन पूर्ण उघडे असूनही. शिवाय तापमान मोजणारी नळी वरच्या थरात होती; सीमेवर खरे किती होते ते कुणालाच दिसत नव्हते.

"पाच पॉइंट सात."

टाकी एक चतुर्थांश भरली. पाण्याचा आवाज पोकळ होता तो भरीव होऊ लागला. बन्सी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता.

"काका, पूजा चालू आहे वाटतं."

"न्हाई. शिव्या देतूय. ज्यानं टाकी रंगवली त्याला."

"कोनी रंगवली?" जिवल्याने विचारले.

"म्याच सांगितली व्हती," बन्सी म्हणाला.

जिवल्या फिस्सकन हसला आणि तिलाही हसू आले. ते ओठांवर येईपर्यंतच टिकले.

"सात पॉइंट दोन, मॅडम. आता लवकर लवकर वाढतंय. सात पॉइंट सहा." मोनालीचा आवाज पातळ झाला होता.

"मोनाली, ब्राइन पूर्ण उघडं असून दहा झाले की खुर्ची सोडायची आणि पळायचं. विचारायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"वाच."

"आठ पॉइंट चार."

टाकी निम्मी झाली होती. सुरक्षेच्या पुस्तकात तीन-चतुर्थांश लिहिले होते. ते लिहिणारीही तीच होती. आणखी दहा मिनिटे थांबले तर पाणी पुरेसे होईल, पण ती दहा मिनिटे रिअॅक्टर देईल की नाही ते सांगता येत नव्हते. आत्ता सोडले तर पाणी तापेल, वाफा येतील, कदाचित टाकी उतू जाईल. पाण्याचे गणित तिला करता येत होते, रिअॅक्टरचे नाही. जे करता येत होते त्याच्यावर तिने भरवसा ठेवला. थोडे-थोडे सोडायचे, पाइप चालूच ठेवायचे.

"पाइप बांधा टाकीच्या कठड्याला. बांधलं? आता दोघे बाहेर. हा हुकूम आहे, काका."

या वेळी ते गेले. तिने भिंतीपलीकडे जाऊन तोंडाला मास्क लावला आणि लांब दांड्याचे चाक पाव फेरा फिरवले.

काही झाले नाही. मग टाकीत उतरणाऱ्या नळीला बसवलेल्या काचेत पिवळसर जड द्रव दिसला आणि टाकीतून उकळत्या आधणासारखा आवाज उठला. पांढरी वाफ भिंतीवरून डोकावली. तिने चाक बंद केले, वीस मोजले, पुन्हा पाव फेरा.

"नऊ पॉइंट एक."

बंद केले. वीस. उघडले.

"नऊ पॉइंट तीन. मॅडम, नऊ पॉइंट तीनच आहे."

उघडले. बंद केले. हाताला घाम सुटून चाक निसटू लागले तेव्हा तिने साडीचा पदर हाताला गुंडाळला. किती वेळा उघडले याची मोजदाद तिने पहिल्या दहांनंतर सोडून दिली.

"आठ पॉइंट आठ," मोनाली म्हणाली आणि रडू लागली. "आठ पॉइंट पाच. आठ."

काचेतला पिवळा रंग गढूळ झाला, मग तेलकट. आम्ल संपले होते. चंद्रकांताने चाक घट्ट बंद केले आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. बारा वाजून सहा मिनिटे.

*

एक वाजता प्रफुल्लशेठ कंट्रोल रूममध्ये आले. फाटकाबाहेर नारळ फुटला होता, पेढे वाटले गेले होते, अग्निशमनाची गाडी येऊन पाहून गेली होती. बाहेर लोक म्हणत होते ते त्यांनी सांगितले नाही, पण तिला ठाऊक होते: काहीच तर झालं नाही.

ती अहवाल लिहीत होती. बन्सी दाराशी उभा होता.

"बॅच गेली," शेठ म्हणाले.

"गेली."

"वीज गेली म्हणून स्टरर थांबला, असं लिहा. बन्सीची पाच वर्षं राहिली आहेत निवृत्तीला."

"माजं नाव लिव्ह, चंद्रा," बन्सी दारातून म्हणाला. पहिल्यांदाच चारचौघांत.

"लिहिलं आहे, काका. दुसऱ्या क्रमांकावर." तिने कागद शेठपुढे सरकवला. "पहिला मुद्दा वाचा."

शेठनी चष्मा लावला. भिंतीवरच्या हँडलची खबर पॅनेलला जात नाही, हा आराखड्यातला दोष. आराखडा तपासून मंजूर करणारी व्यक्ती: चंद्रकांता साउद. सात वर्षांपूर्वीची तारीख.

त्यांनी ते दोनदा वाचले. "हे कुणालाच कळलं नसतं."

"आज मला कळलं."

"हे वाचल्यावर मी हे पत्र कसं देऊ तुम्हाला?" त्यांनी झब्ब्याच्या खिशावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होते.

"आज नका देऊ," ती म्हणाली. "पण अशी आठ हँडल आहेत या कारखान्यात. आठही हँडलांची वायर पॅनेलपर्यंत जाईपर्यंत एकही बॅच घेऊ नका. अहवालाखाली तुमची सही लागेल."

शेठनी खिशातले पेन काढले. मग वाकून त्यांनी सही केली, एक अक्षरही न बदलता.

"इलेक्ट्रिशियन उद्या येणार नाही. दसरा आहे," ते म्हणाले. "परवा सकाळी आठला बोलावतो. आठही हँडल तुम्ही स्वतः तपासा. मग पत्राचं बोलू."

"बोलू," चंद्रकांता म्हणाली. तिने घड्याळ पाहिले. टाकीतले पाणी अजून गरम होते आणि संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाला त्याचे तापमान नोंदवायचे होते. ती उठली आणि दीडची नोंद घ्यायला खाली निघाली.